माझं इनॅमल आणि बॅच नंबर एकतीस

३ मार्च
दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसतात म्हणाल्या. आंबटाने इनॅमल झिजलंय. गेलेलं परत येत नाही. काम काय करता, विचारलं. स्क्वॉशच्या फॅक्टरीत चव बघतो, बावीस वर्षं, दिवसाला चाळीस घोट, असं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. घोट थुंकता का, म्हणे. थुंकतात ते शिकाऊ. मी प्रत्येक घोट अर्धा मिनिट तोंडात घोळवतो. हे ऐकून बाईंचंच तोंड आंबट झालं. सल्ला लांबलचक होता: घोळवू नका, थुंका, लगेच साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा तास ब्रश नको, झोपताना फ्लोराइडचं माउथवॉश. थोडक्यात, माउथवॉश.

४ मार्च
दुकानातलं सगळ्यात जहाल माउथवॉश आणलं. निळंशार. बाटलीवर 'दिवसातून दोनदा' लिहिलंय. ते सामान्य माणसांसाठी. माझे घोट चाळीस, तर चुळाही चाळीस. बायको म्हणाली, बाईंनी साधं पाणी सांगितलं होतं ना. ही कायम परक्यांच्या बाजूने.

७ मार्च, स. ९.४०
टेस्टिंग रूमच्या बेसिनवर बाटली मांडली. क्रम असा: चूळ, घोट, चूळ. पहिली चूळ म्हणजे दातांना रेनकोट. हे डॉक्टरीणबाईंनाही सुचलं नव्हतं. लॅबमधल्या केमिस्टबाईने विचारलं, सर, मग चव कळते का? नोकरीला लागून दीड वर्ष झालंय तिला. मीटरवर आंबटपणा आणि साखर मोजते. मीटरला जीभ असती तर मला कशाला ठेवलं असतं?

११ मार्च
जीभ जरा बधिर. साहजिक आहे. बावीस वर्षांचा थर निघतोय.

१४ मार्च
मालक स्वतः टेस्टिंग रूममध्ये आले. धावण्याच्या मोठ्या स्पर्धेची ऑर्डर, बॅच नंबर एकतीस. म्हणाले, सगळं तुमच्या जिभेवर सोडलंय. ऊर भरून आला. तेवढ्यात केमिस्टबाई कागद घेऊन हजर. आकडे भलतेच आहेत, साखर घालायची राहिलीय बहुतेक, थांबू या. मी चूळ भरली, घोट घेतला. संयत. समतोल. शेवटी पुदिन्याची हलकी झुळूक. या स्क्वॉशमध्ये पुदिना नसतो. म्हणजे जीभ किती सूक्ष्म झालीय बघा. सही केली. मीटर दुरुस्तीला पाठवा म्हणून सांगितलं.

१७ मार्च
बॅच नंबर एकतीस परत आली. अख्खी. धावपटूंनी म्हणे शर्यत पूर्ण केली, ग्लास नाही. मालकांनी एक ग्लास भरून माझ्यापुढे ठेवला आणि प्या म्हणाले. प्यायलो. छान आहे, असं प्रामाणिकपणे सांगितलं. मग त्यांनी स्वतः घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. इतक्या वर्षांचा घरोबा, भावना अनावर होणारच.

२० मार्च
नवी जबाबदारी मिळाली. झाकण विभाग. बाटलीचं झाकण घट्ट बसलंय का, ते हाताने फिरवून बघायचं. मालक म्हणाले, इथे अनुभवी माणूसच हवा. टेस्टिंग रूममध्ये आता केमिस्टबाई आणि तो मीटर. ती घोट थुंकते. बघवत नाही.

१९ जून
डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. झीज पूर्ण थांबलीय. बाईंनाही आश्चर्य वाटलं; काय बदल केलात, विचारलं. मी रेनकोटची पद्धत सविस्तर समजावली. बायकोने मध्येच सांगितलं, यांना आता चव बघायला देत नाहीत. बाई 'अच्छा' म्हणाल्या आणि कार्डावर लिहिलं: आंबट बंद, उत्तम फरक. माउथवॉशचा म नाही. निघताना वर म्हणाल्या, बावीस वर्षांपूर्वीच झाकणांवर बसला असतात तर एक दात झिजला नसता. यावर दोघी हसल्या.

डॉक्टर बदलावा म्हणतो.