तांबूस शेवंतीचे फुटवे

४ फेब्रुवारी
शेवंतीचे वाळके दांडे छाटले. बुडाशी फुटवे आलेत, पण मधला गड्डा लाकडासारखा कडक. यंदा उकरून फुटवे वेगळे करायलाच हवेत, नाहीतर फुलं बारीक होत जाणार.
आज कुणाशी बोलले? चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी. "खालची ओळ दिसते का?" ते काही बोलणं नव्हे.

७ फेब्रुवारी
ट्रेमध्ये डेझीचं बी पेरलं. वर चाळलेली माती, ओल टिकावी म्हणून काच.

९ फेब्रुवारी
ती आली होती. ज्या बाईसाठी नवरा हे घर सोडून गेला, ती — फाटकाशी उभी! नाव तिनेच सांगितलं. चांगली पन्नाशीची, माझ्याच वयाची. इतकी वर्षं मी उगाच तिला तरुण समजत होते.
आत या म्हटलं नाही. "काय हवंय?" एवढंच. ती फाटकाची कडी चाचपत राहिली. मग वाफ्याकडे बघून म्हणाली, "ती तांबूस शेवंती... ह्यांची. एखादं रोप मिळेल?"
ह्यांची. माझा शब्द, तिच्या तोंडी. अंगाचा तिळपापड झाला. "नाही मिळणार," म्हटलं आणि फाटक लावून घेतलं.

१० फेब्रुवारी
दुकानात एकाच्या फ्रेममध्ये दुसऱ्याची काच बसवली. मालकांनी ती स्वतः काढून पुन्हा बसवली.
ती शेवंती नवऱ्यानेच बियांपासून केलेली. ट्रेभर रोपांत ही एकच अशी निघाली — तांब्याच्या जुन्या भांड्याचा रंग. हिचं बी धरून पेरलं तर भलतंच काहीतरी उगवतं. फुटवा काढूनच वाढवायची. म्हणजे हा रंग फक्त माझ्या वाफ्यात आहे. जाताना तो रेडिओसुद्धा घेऊन गेला, ही मात्र राहिली. बरं झालं, असंच वाटायचं आजवर.

१४ फेब्रुवारी
पुन्हा आली. फाटकाबाहेर उभी, मागितलं काहीच नाही. मी गड्डा उकरत होते. मुळं सुटेनात, माझी कंबर धरलेली. तिने चपला काढल्या, आत आली, पलीकडून हात घातला. दोघींनी मिळून ओढला तेव्हा कुठे निघाला.
सुरीने कापला. मधलं लाकूड टाकून दिलं, कडेचे कोवळे फुटवे मुळांसकट ठेवले. एक कुंडीत लावून तिच्या हातात दिला.
"थोडे दिवस सावलीत ठेवा. मान टाकेल. घाबरू नका."
"बरं," म्हणाली. कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरून गेली.
का दिला? माहीत नाही.

२ मार्च
"पानं पिवळी पडलीत," सांगत आली. पाणी जास्त होतंय, म्हटलं. उभीच होती, म्हणून चहा टाकला. दुसरा कप शोधावा लागला. सापडला तो कान तुटलेला. तो मी घेतला.

११ मार्च
उशिरा का होईना, डेझी उगवली. केसासारखी बारीक रोपं. ती येईल तेव्हा दाखवेन.

१९ मार्च
आली नाही. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मला काय झालंय!

२३ मार्च
आली. ताप होता म्हणे. घरात औषध आणून द्यायलाही कुणी नव्हतं का, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

५ एप्रिल
तिची कुंडी घेऊन आली. रोप वीतभर झालंय. शेंडा खुडायला शिकवला — म्हणजे बाजूने फुटतं, डेरेदार होतं. तिला जिवावर आलं. "एवढं वाढलेलं तोडायचं?" हसलो दोघी. मग पायरीवर चहा. मला काय लहर आली, विचारलं, "ओला टॉवेल अजून गादीवरच टाकतो का तो?"
"टाकायचे," ती म्हणाली.
तिने कप खाली ठेवला. "जानेवारीतच गेले. तेच सांगायला आले होते पहिल्यांदा. तोंडातून शब्दच फुटेना."

६ एप्रिल
काल तिला जाऊ दिलं नाही. आतल्या खोलीत झोपलीय अजून. दुकानात आज येत नाही म्हणून कळवलं.