प्लाय, एमडीएफ आणि ताई

२ सप्टेंबर
निर्णय झाला. ताई २५ तारखेला दोन दिवसांसाठी येतेय. त्याआधी घरात गेमचं मशीन उभं करणार. लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानात होतं तसंच. उंच खोकं, समोर दोन दांडे, खाली बटणं. जुना मॉनिटर माळ्यावर आहे, बटणांचं पार्सल आलंय. राहिलं फक्त लाकूड. लाकडाचं काय, दुकानात जायचं, घेऊन यायचं. रविवारपर्यंत खेळ सुरू.

मागच्या वेळी ताई आली तेव्हा आम्ही दोघं समोरासमोर मोबाइल घेऊन बसलो होतो. जेवण झालं, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, बोलणं संपलं. सख्खी बहीण. फार वाईट वाटलं होतं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. शिवाय लहानपणी त्या मशीनवर ती मला रोज हरवायची, तेही बघायचंय.

३ सप्टेंबर
माप घेतलं. मला सगळं लख्ख आठवतं. बटणं बरोबर छातीपर्यंत यायची आणि स्क्रीन बघायला मान वर करावी लागायची. भिंतीला टेकून उभा राहिलो, छातीशी पेन्सिलने रेघ मारली. बायको म्हणाली, जरा उंच नाही का वाटत? तिला काय सांगणार. ती त्या दुकानात कधी गेलेलीच नाही.

५ सप्टेंबर
प्लायवुडच्या दुकानात गेलो. लाकडाची शीट मागितली. दुकानदाराने विचारलं, कसली? एमडीएफ, प्लाय, ब्लॉकबोर्ड की पार्टिकल बोर्ड? बारा एमएम की अठरा? पाण्याला टिकणारी की साधी? मी म्हणालो, चांगली. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हात हलवत परत आलो. घाईत खरेदी करणाऱ्यातला मी नाही.

६ सप्टेंबर
सकाळपासून व्हिडिओ पाहिले. एमडीएफच. गुळगुळीत असतो, रंग छान बसतो, लोण्यासारखा कापला जातो. विषय संपला. आता एकही व्हिडिओ बघणार नाही.

संध्याकाळी. एकच बघितला. एमडीएफ पाणी प्यायला की फुगतो म्हणे. आमच्याकडे रोज फरशी पुसली जाते. विषय पुन्हा सुरू.

८ सप्टेंबर
सासरे आले. त्यांना विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. पार्टिकल बोर्ड म्हणजे नुसता भुसा आणि डिंक, त्याच्या वाटेला जाऊ नका जावईबापू, डोळे मिटून प्लाय घ्या. यांची हयात बँकेत गेली. मी हो हो म्हणालो आणि प्लाय यादीतून काढून टाकला.

११ सप्टेंबर
पार्टिकल बोर्डाची अख्खी शीट आणली. स्वस्त, हलकी, वर तयार पांढरा थर. लोक उगाच नावं ठेवतात.

१२ सप्टेंबर
खात्री करावी म्हणून दुकानातून चारही प्रकारचे तुकडे नमुन्याला आणले आणि आंघोळीच्या बादलीत बुडवून ठेवले. बायकोने बादली मागितली. प्रयोग चालू आहे म्हणालो. ती आंघोळ न करता ऑफिसला गेली. जाताना दार जरा जोरात लागलं. वारा असावा.

१३ सप्टेंबर
पार्टिकल बोर्डाचं चहात पडलेलं बिस्किट झालं. एमडीएफ दुप्पट जाड. ब्लॉकबोर्डाच्या कडा सुटल्या. प्लायला काहीही झालं नाही. म्हणजे प्लाय. हा निष्कर्ष मी स्वतः काढलाय, सासऱ्यांचा इथे काही संबंध नाही.

बायको अजून नीट बोलत नाहीये. आणलेली पार्टिकल बोर्डाची शीट वाया जाऊ नये म्हणून तिच्यातून चपला ठेवायला एक खोकं केलं. तिने बघितलं आणि आत गेली.

१६ सप्टेंबर
प्लाय आला. घरी जमिनीवर ठेवला तर केळ्यासारखा वाकडा. परत नेला. दुकानदार म्हणाला, उभा ठेवा, आपोआप सरळ होईल. मी आवाज चढवला. त्याने माझ्यापेक्षा जास्त चढवला. पण शीट बदलून दिली. वैताग आलाय. नऊ दिवस उरलेत आणि माझ्याकडे एक सरळ शीट आहे.

१८ सप्टेंबर
माझ्या कागदाबरहुकूम दुकानातच कापून घेतलं. कापणाऱ्याने विचारलं, कपाट का? मी नुसता हसलो.

२३ सप्टेंबर
मशीन उभं. काळा रंग, अठरा एमएम, धक्का मारला तरी हलत नाही. बटणं बरोबर छातीशी. खेळून बघितलं. खांदे भरून आले, मान अवघडली. उशी बदलायला हवी.

२५ सप्टेंबर
ताई आली. मशीनसमोर गेली, हात उंचावून बटणांवरून फिरवला. मला वाटलं, गहिवरून आलं असेल. मग तिने विचारलं, हे काय आहे? मी मापाचं सांगितलं. बटणं छातीपर्यंत यायची, आठवतं ना? ती म्हणाली, आठवतं की, तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. आणि छातीपर्यंत तरी कशी यायची, मी तुला सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर उभं करायचे म्हणून. मग ती हसत हसत जमिनीवरच बसली. बायकोही बसली. दोघींना बराच वेळ उठता येईना.

क्रेटचं मी साफ विसरलो होतो.

शेवटी ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढली, मी चपलांच्या खोक्यावर. रात्रीच्या जेवणापर्यंत खेळलो. तिचा मोबाइल पर्समध्ये दोनदा वाजला, तिने घेतला नाही. शेवटच्या डावात मी चक्क पुढे होतो. तेवढ्यात खोकं फुटलं.

२६ सप्टेंबर
पाय मुरगळलाय. सासऱ्यांनी फोनवर चौकशी केली, खोकं पार्टिकल बोर्डाचं नव्हतं ना? नाही म्हणालो. ताई दिवसभर उशाशी बसून बडबडत होती. एकूण ती एकतीस, मी शून्य. मटेरियलमुळे.

२९ सप्टेंबर
ताई परवा गेली. जाताना म्हणाली, प्लाय झकास आहे, खालून दीड फूट काप, पुढच्या महिन्यात परत येते. दीड फूट कापायला असा कितीसा वेळ लागतो. करवतीचं पातं आणायला लंगडत दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कसलं?

हात हलवत परत आलो.