लॅमिनेशन केलेली श्रद्धांजली

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
वही सुरू. दोनशे पानी. घेवरचंदशेठ म्हणाले, दादाभाऊ, शंभर पानी न्या, तुमची कुठली भरतीय. दुर्लक्ष केलं.

कारण नोंदवून ठेवतो. काल घोड नदीच्या घाटावर पोलीस पाटलांच्या आईची दशक्रिया होती. पारगावात आणि आजूबाजूच्या दहा गावांत श्रद्धांजलीचा माइक गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. कारखान्यात क्लार्क होतो तेव्हा रजा टाकून जायचो. काल मला दोन मिनिटं दिली आणि ज्युनिअर कॉलेजच्या मोहित सरांना दहा. वय फार तर तीस. ते म्हणाले, शी वॉज अ पॅरागॉन ऑफ सिम्प्लिसिटी. कोणाला काही कळलं नाही, पण माना सगळ्यांच्या हलल्या. माझी 'कधीही भरून न निघणारी पोकळी' चालू असताना समोरचा माणूस तंबाखू मळत होता.

निश्चय: रोज पाच अवघड इंग्रजी शब्द. तेही फक्त नामं. क्रियापदं मराठीच ठेवायची. छाप पडते ती नामांची.

४ नोव्हेंबर
शब्दांचं पुस्तक लेकीचं, अश्विनीचं, स्पर्धा परीक्षेच्या वेळचं. पोरीनं पहिली बारा पानं पिवळ्या पेनानं रंगवलीत, पुढे सगळं कोरं. म्हणजे तेराव्या पानावर मी तिच्या पुढे जाणार.

आजचे शब्द: प्लेथोरा, लॅकुना, झेनिथ, एनिग्मा, पॅनेसिया. लॅकुना म्हणजे पोकळी. इथेच अर्धं काम झालं. प्लेथोरा म्हणजे लई. मग लई का म्हणू नये? कारण लई सगळ्यांनाच येतं.

जेवताना बायकोला, प्रतिभाला म्हणालो, आमटीत मिठाचा प्लेथोरा झालाय. ती म्हणाली, मग नका खाऊ. बावीस वर्षांत माझ्या बोलण्याचा घरात इतका परिणाम झाला नव्हता.

५ नोव्हेंबर
सावळेरामच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याला हलवलं. पन्नास वर्षांची दोस्ती. शाळेत एका बाकावर, कारखान्यात एकाच दिवशी लागलो. मी ऑफिसात, तो वजनकाट्यावर. वाईट वाटलं. त्याच्या बायकोचा, बायडाबाईचा फोन आला, भावजी, हे तुमची लई आठवण काढत्यात, तेवढं येऊन जावा. म्हटलं, उद्या येतो.

दुःखामुळे आज शब्द फक्त दोन.

६ नोव्हेंबर
मंचरपर्यंत गेलो. पुण्याची गाडी भरून आली. उभं राहून जाणं कमरेला झेपणार नाही. स्टँडवर बसून आठ शब्द केले, कालचा बॅकलॉग निघाला. उद्या नक्की.

८ नोव्हेंबर
एक विचार आला. येऊ नये तो आला, पण आला. सावळेरामचं काही बरंवाईट झालं, तर घाटावर बोलणार कोण? मी की मोहित सर? जवळचा मित्र मी. पण आजकाल जवळिकीला विचारतो कोण.

तयारी असलेली बरी. प्रतिभाला सांगितलं तर म्हणाली, अवो, माणूस जित्ता हाय अजून! म्हटलं, मी कुठं नाही म्हणतो? घर आपण पावसाच्या आधीच शाकारतो ना. ती उठून गोठ्यात गेली. तिचा मुद्दा संपला असावा.

१० नोव्हेंबर
भाषण झकास जमत चाललंय. 'सावळेराम म्हणजे वजनकाट्याचा कोलॉसस.' कोलॉसस म्हणजे प्रचंड पुतळा. सावळेरामचं वजन अठ्ठेचाळीस किलो आहे, पण घाटावर कोण काटा लावून बघणार?

बायडाबाईचा दुसरा फोन. पुण्याला जायचा दिवस पक्का केला, गुरुवार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
गेलो नाही. 'मॅग्नॅनिमिटी', म्हणजे मनाचा मोठेपणा, तोंडात बसेना, सकाळ त्यातच गेली. निघालो असतो तर निम्मं भाषण वाटेतच विसरलो असतो. आपण हे करतोय कोणासाठी? त्याच्यासाठीच ना.

१४ नोव्हेंबर
बातमी: सावळेराम उठून बसला, पेज प्याला. आनंद झाला. आनंद व्हायलाच पाहिजे. तरी हृदयाच्या दुखण्याचा भरवसा नसतो. भाषण अकरा मिनिटांचं झालंय, शब्द एकोणपन्नास. एवढी मेहनत वाया जाईल असं म्हणत नाही. फक्त नोंद करतोय.

१६ नोव्हेंबर
घेवरचंदशेठचा पारस दुकानातच झेरॉक्सचं मशीन चालवतो. त्याच्याकडे भाषण टाइप करून घेतलं. वर मोठ्या अक्षरात कै. सावळेराम. पारसनं विचारलं, काका, हे कधी झालं? म्हटलं, तारखेची जागा कोरी ठेव. तो माझ्याकडे बघतच राहिला. घाटावर वारा फार, कागद उडतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन करून घेतलं. आता पाठांतरासाठी कायम पिशवीत.

१९ नोव्हेंबर
सावळेराम घरी आला. ठणठणीत आहे म्हणे. आता जायलाच पाहिजे. घर दोन गल्ल्या सोडून, एसटीचा प्रश्न नाही.

२० नोव्हेंबर. संध्याकाळी ५
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

डाळिंबं घेऊन गेलो. बायडाबाईनं पिशवी आत नेली आणि लगेच बाहेर आल्या. हातात लॅमिनेशन. म्हणाल्या, भावजी, ह्यात ही पत्रिका कसली? मी उठायच्या आत सावळेरामनं घेतली. चष्मा लावला. कै. सावळेराम, असं मोठ्यानं वाचलं. बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, सॅम्पल आहे.

तो हसायला लागला. छातीला हात लावून हसला. मग म्हणाला, वाच. आत्ता ऐकायला हाय मी, तवा कुठं आसनार?

वाचलं. अकरा मिनिटं. कोलॉसस, झेनिथ, मॅग्नॅनिमिटी, लॅकुना, कुठेही अडखळलो नाही. इतकं चांगलं मी घाटावरही कधी बोललो नाही. पण त्याची मान हलली नाही. संपल्यावर त्यानं विचारलं, हे कुणाबद्दल व्हतं?

म्हटलं, तुझ्याबद्दल. तर म्हणाला, मग डिंभ्याचं कुठंय? आपण मासे धराया गेलो, तू धरणात पडला, म्या केसाला धरून वडला, त्याला इंग्रजी शबूद न्हाई घावला का?

तो पुढे म्हणाला, दोन आठवडे दवाखान्यात व्हतो. दार वाजलं की वाटायचं, दादा आला. हे तो रागानं म्हणाला नाही. रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मग म्हणाला, आता मराठीत सांग, दोन वाक्यं. सवयीनं उभा राहिलो. तोंडातून 'कधीही भरून न निघणारी' एवढंच आलं. तो म्हणाला, बस खाली, चहा पी.

निघताना म्हणाला, आरं, माझ्या दशक्रियेला माइक दे मोहित सरांना. पण पिंडाला कावळा शिवंना झाला, तर तू फुडं हो आन् डिंभ्याचं सांग. त्याबिगर शिवायचा न्हाई. आन् मराठीत सांग, कावळ्याला इंग्रजी येत न्हाई.

लॅमिनेशन बायडाबाईनं ठेवून घेतलं. चुलीला वारा घालायला बरं पडतं म्हणाल्या.

२१ नोव्हेंबर. दुपारी
शब्द शून्य. पुस्तक अश्विनीच्या कपाटात परत. डिंभ्याचं लिहायला बसलो.

'मी पाण्यात पडलो. मला पोहता येत नव्हतं, त्यालाही येत नव्हतं. तरी त्यानं उडी टाकली. केसाला धरून मला काठाला आणलं, एक थोबाडीत दिली आणि बसून रडला.'

एवढंच झालं. अर्धं मिनिटसुद्धा भरत नाही. प्रतिभाला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. पहिल्यांदाच.

हे आजच सावळेरामला वाचून दाखवायचं. बोलावलंय त्यानं, रोज येत जा म्हणाला. वाटेत पारसकडे टाइप करून घेतो. एवढं चांगलं जमलेलं साध्या कागदावर बरं दिसणार नाही.

संध्याकाळी ७.४०
लॅमिनेशनचं मशीन तापायला फार वेळ लागला. सावळेराम औषध घेऊन लवकर झोपतो म्हणे.

उद्या नक्की.