जहाजावरचा गंज

अण्णा, तुमची युद्धनौका सध्या माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे आणि काल दुपारी मी ती घासून काढली. हे तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. मधेच बोलणं तोडायची तुमची सवय एकदाची सुटली आहे.

लाकूडकाम तुमचं, तोफा तुमच्या, हे मी कधी नाकारलं नाही. बसवनगुडीच्या घरात, फॅक्टरीतून आल्यावर, तुम्ही वर्षभर ते जहाज कोरत बसायचात. शेवटी करडा रंग फासलात आणि ते साबणाच्या वडीसारखं दिसायला लागलं. मी तेव्हा कॉन्व्हेंटात शिकत होते. समुद्र मीही पाहिला नव्हता, पण शाळेच्या खिडक्यांचे गज पाहिले होते. गंज कुठून सुरू होतो, कसा ओघळतो, कुठे थांबतो हे मला पाठ होतं. स्वयंपाकघरात बसून मी उंबरठ्याला लावायचा गेरू जवसाच्या तेलात कालवला, त्यात दिव्याची काजळी घातली, नांगराखाली बारीक ओघळ सोडले आणि टर्पेंटाईनच्या चिंधीनं ते वरून खाली पुसत आणले. पाण्याच्या रेषेशी लाल थर देऊन त्यावर आईच्या बरणीतलं खडेमीठ ओलं करून चिकटवलं, वर करडा रंग दिला. वाळल्यावर मीठ खरवडलं तसे रंगाचे पोपडे निघाल्यासारखे दिसायला लागले. मान वर केली तर तुम्ही दारात.

"नवंकोरं जहाज नासवलंस?"

"जहाज समुद्रात असतं अण्णा, काचेच्या कपाटात नाही."

"कॉन्व्हेंटात उलट बोलायला शिकवतात वाटतं."

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीत कामगारांच्या छंदांचं प्रदर्शन होतं. पुसायला वेळ उरला नव्हता, म्हणून माझं काम वाचलं. पाहुणे म्हणून नौदलातले एक अधिकारी मुंबईहून आले आहेत. ते आपल्या टेबलापाशी थांबतात, वाकतात, नांगराखालून बोट फिरवतात. "ही बोट खरोखर समुद्र बघून आलेली दिसते. रंगकाम कुणाचं?" माझ्या नखांत अजून गेरू आहे. तुम्ही दादाच्या खांद्यावर हात ठेवता. "माझ्या मुलाचं." दादा स्वतःच्या बुटांकडे बघतो. अधिकारी म्हणतात, मॅट्रिक झाला की पाठवा माझ्याकडे, गोदीत मॉडेलं करणारी माणसं हवीच आहेत.

रात्री ताटावर बसल्यावर मी विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंत. "तुला थोडंच गोदीत पाठवणार होतो? घरातल्या एकाचं भलं होतंय. स्वल्प, थोडं समजून घे." आई म्हणाली, भात निवतोय. दुसऱ्या दिवशी आपल्या इथल्या शिवाजीनगरच्या बाजारातून माझ्यासाठी सॅटिनच्या रिबिनी आणल्यात. त्यांना मी ब्रश पुसले. दादा गेला मुंबईला. त्याला ब्रश धरता येत नाही हे तिथे लवकरच कळलं असणार, कारण त्याला स्टोअर्समध्ये बसवलं आणि तो तिथूनच निवृत्त झाला. मला तुम्ही टायपिंगला घातलंत. जन्मभर मी इतरांची पत्रं बडवली, तीही निर्दोष.

गेल्या आठवड्यात दादाचा मुलगा बनशंकरीहून जहाज घेऊन आला. तुमच्या फॅक्टरीत जुन्या कामगारांच्या वस्तू मांडणार आहेत. "आत्या, डोलकाठी तुटलीये. तुझा हात चांगला आहे, तेवढी चिकटवून दे." मी विचारलं, खाली पाटीवर काय लिहिणार? "बांधणी आजोबांची, रंगकाम बाबांचं. आजोबाच सगळ्यांना सांगायचे ना." त्याला खरं सांगता आलं असतं. पण मग तो म्हणाला असता, जाऊ दे गं, तो काळच तसा होता. हे वाक्य मी पुष्कळांकडून ऐकलं आहे आणि म्हणणाऱ्याचं त्यात कधी काही गेलेलं नसतं.

म्हणून डोलकाठी चिकटवली, नीट चिकटवली, आणि मग पॉलिश पेपर घेऊन बसले. नांगराखालचे ओघळ, पोपडे, धुराड्याची काजळी, माझं होतं तेवढं सगळं काढलं आणि रात्री दोन हात करडा रंग दिला. आज सकाळी तो न्यायला आला आणि बराच वेळ बघत राहिला. "आत्या, हे खेळण्यासारखं दिसतंय गं."

"आजोबांनी केलं तेव्हा असंच होतं," मी म्हटलं.

रंग अजून ओला आहे, म्हणून तो उद्या नेणार. पाटी तुमच्या आणि दादाच्या नावाची लागेल, आणि लोक येऊन ती साबणाची वडी बघतील. हा दिवस मी मनात इतक्यांदा घोळवला होता की हाताला सगळं तोंडपाठ होतं. पण घासायचं काम काल दुपारच्या चहाच्या आधीच संपलं, आणि खरं सांगायचं तर अण्णा, घासायला आणखी काही आहे का हे मी जहाज उलटंसुलटं करून संध्याकाळपर्यंत बघत होते.