जेवणाच्या खोलीतलं विमान

वियाविसेन्सिओ,
१९ जुलै, गुरुवार

तीर्थरूप उबाल्दोमामांस,
दुवानचा कोपरापासून नमस्कार.

तुमचं पत्र ईस्टरच्या आधी मिळालं. उत्तर आजच लिहायचं असं त्याच दिवशी ठरवलं आणि तेव्हापासून रोज नेमाने ठरवत आलो. इतक्या चिकाटीने आयुष्यात मी दुसरं काही केलेलं नाही. (वेल्डिंगचा वर्ग दीड महिना, संत्र्यांचा ट्रक अकरा दिवस, हे तुम्हाला ठाऊक आहेच.) तिकडे पुएर्तो कारेन्योला तुमचा गुडघा कसा आहे? बदकं अंडी देतात ना? इकडे तुमच्या बहिणीची, म्हणजे नुबियामावशीची, तब्येत उत्तम आहे. आवाज तर फारच उत्तम आहे, आणि तो कशाने चढला हे सांगायलाच हे पत्र.

तर मामा, मी एक विमान घेतलं. घाबरू नका, ते उडत नाही. विमानतळामागची जुनी उड्डाणशाळा गोदाम रिकामं करत होती. मी तिथे मोटरसायकलच्या साखळीला तेल मागायला गेलो होतो, पण कोपऱ्यात एक निळी लाकडी पेटी दिसली, आखूड पंखांची, शेपटीसकट. पन्नास वर्षांपूर्वी शिकाऊ वैमानिकाला हिच्यात कोंडून वरून झाकण लावायचे, म्हणजे ढगात काही दिसत नसताना नुसत्या काट्यांकडे बघून विमान कसं चालवायचं ते त्याला कळावं. पेटीखाली चामड्याचे भाते असतात. पंप हवा ओढतो, भाते फुगतात, बसतात, आणि पेटी डुलते, झुकते, गरागरा फिरते. मी तेल विसरलो आणि मोटरसायकल देऊन पेटी घेतली. (त्यामुळे साखळीचा प्रश्नही मिटला.)

मावशीच्या दारातून ती आत येईना. मी दार काढलं, मग चौकट, मग शेजारची खिडकी. पंख सुटे होतात हे कळेपर्यंत घर इतकं हवेशीर झालं होतं की शेजारच्या कोंबड्या आरपार जाऊ लागल्या. पेटी जेवणाच्या खोलीत बसवली. पंख पुन्हा लावले, ते डाव्याचा उजवीकडे. उडायचं नसल्यामुळे काही बिघडत नाही असं मी मावशीला म्हणालो. ती म्हणाली, ‘‘तुझंही तसंच आहे बाबा.’’

भाते मात्र उंदरांनी खाल्लेले. गावात हवेचं काम जाणणारा माणूस एकच, अकॉर्डियन दुरुस्त करणारे तोरिबियोकाका, तेही समुद्रकाठचे. त्यांनी भाता कानाशी धरून दाबला आणि म्हणाले, ‘‘तुम्हा मैदानातल्या लोकांना हार्पच्या तारा छेडता येतात रे, हवा नाही धरता येत!’’ चार दिवस आम्ही बकऱ्याचं कातडं चिकटवत होतो. (त्यातला दीड दिवस माझा अंगठा सोडवण्यात गेला.) पाचव्या दिवशी पंप लावला, आणि पेटीने एक लांब श्वास घेतला, हळूच डोलली. मामा, मला रडू आलं. मी हात लावलेली वस्तू आधीपेक्षा बरी झाली, असं कधी झालंच नव्हतं.

मावशी म्हणाली, आशीर्वाद घेतल्याशिवाय कुणी आत बसायचं नाही. सोमवारी कार्मेनमातेचा सण, सगळे ट्रक-टॅक्सीवाले गाड्यांना आशीर्वाद घ्यायला चर्चपुढे रांगेत. पेटी बाहेर जाईना, म्हणून फादर एरास्मो घरी आले.

‘‘हे उडतं का?’’

‘‘नाही, फादर.’’

‘‘मग चालतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आशीर्वाद कशाला?’’

‘‘दुवान बसणार आहे ना,’’ मावशी म्हणाली. फादरांना ते लगेच पटलं.

आता या यंत्राला एक खेकडा असतो. तीन चाकांचा, शाई भरलेला. पेटी जशी ‘उडेल’ तसा तो टेबलावरच्या नकाशावर रेघ काढत चालतो. नकाशा मला मिळाला नव्हता, म्हणून मी त्याला तात्पुरतं टेबलक्लॉथवर ठेवलं होतं. (हो, तेच. मावशीने तीन वर्षं खपून भरतकाम केलेलं.) फादर आत पाणी शिंपडायला वाकले, मग जरा बसून बघतो म्हणाले, झाकण पडलं, आणि पेटी फिरायला लागली. आतून फादर मोठ्याने जपमाळ म्हणू लागले, बाहेरून मावशी साथ देऊ लागली. मी बंद करायचं बटण शोधत होतो, पण ते मीच बसवलेलं असल्याने कुठे असेल याचा अंदाज येईना. शेवटी भिंतीतली वायर उपटली. झाकण उघडल्यावर फादर पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाले, ‘‘बोगोटा आलं का?’’

मावशी टेबलाकडे बघत होती. पांढऱ्या कापडावर लाल शाईची बावीस वेटोळी.

शनिवारी मावशीला सत्तर वर्षं पूर्ण होतात. चाळीस माणसं जेवायला, अंगणात मामोना. वासराचं मांस भाजायला कोरडं लाकूड लागतं. पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड घरात असताना मी विकत का आणू, असं ती विचारते. कुऱ्हाडीला धार लावून झाली आहे.

थोरांना नमस्कार, बदकांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (इच्छा तरी तशीच असते) भाचा,
दुवान

ता. क. पान संपत आलं की मला धीर येतो, म्हणून खरं आता लिहितो. पेटी तुमची आहे असं मी मावशीला सोमवारीच सांगून टाकलं. तुम्ही तरुणपणी हिच्यातच शिकलात आणि सांभाळायला माझ्याकडे दिलीत, असं. (तुम्ही बटाट्याच्या पोत्यांवर बसून सरळ मालवाहू डीसी-थ्रीतच विमान चालवायला शिकलात, ठाऊक आहे मला.) सहा वर्षांपूर्वी नाताळात तुम्ही तिच्या केळीच्या पानात उकडलेल्या हायाकांना पाहुण्यांदेखत अळणी म्हणालात, तेव्हापासून ती तुमचं नाव घेत नाही. पण तुमचे राहिलेले शर्ट अजून इस्त्री करून ठेवते. तुमची वस्तू ती जाळणार नाही, फक्त माझ्या शब्दावर तिचा विश्वास नाही. हे पत्र उद्याच्या मालवाहू विमानाने येईल. त्याच वैमानिकाच्या हाती दोन ओळी द्या: ‘पेटी माझी, जपून ठेव.’ हायाकांबद्दल एखादी ओळ घातलीत तर फारच उत्तम.

ता. क. २. मी स्वतः त्या पेटीत तीन मिनिटांच्या वर बसू शकलेलो नाही. मळमळतं.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाहेर टॅक्सी थांबली. तुम्ही! मावशीनेच परवा तार केली म्हणे, सहा वर्षांत पहिल्यांदा: ‘तुझं लाकूड येऊन घेऊन जा.’ ती तुमच्या गळ्यात पडून रडते आहे की भांडते आहे ते इथून कळत नाही. आणि तुम्ही तिच्या डोक्यावरून मोठ्याने विचारताय, ‘‘अगं, पण माझं कसलं लाकूड?’’ मामा, थांबा. पुढे एक शब्द बोलू नका. मी पत्र घेऊन येतोय, शेवटचं पान आधी वाचा.