आमचे चार ऋतू आणि तुमची नदी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मु. पो. गडमुडशिंगी
कार्तिक, सन २००६

राजमान्य राजश्री प्रभुलिंग आण्णा, मुक्काम शिरोळ, यांच्या सेवेशी महालिंगाचा शरणु शरणार्थ.

इकडे सर्व ठीक आहेत, म्हणजे मी सोडून सर्व. मला परवापासून एक शिंक येते येते म्हणते आणि येत नाही, त्यामुळे कशातच लक्ष लागत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? (उजवा की डावा हे विसरलो, तरी दोन्हींची चौकशी केली असे समजावे.) बाळाबाई वहिनींना नमस्कार. तुमचा नातू चि. शिवप्रसाद यास आशीर्वाद. तो त्याने घ्यावा की न घ्यावा हे तुमच्या आजच्या मर्जीवर आहे, पण मी पाठवलेला आहे.

आधीच सांगतो, हे माफीचे पत्र नाही. दसरा झाल्यावर मी आमची नात विद्याश्री हिच्यासाठी तुमचे घर बघायला शिरोळला आलो आणि पाने मांडलेली असताना न जेवता उठून गेलो, त्याला आता महिना होत आला. तुमचा होकार नाही, नकारही नाही. मध्यस्थ पिराजी यांना पाठवले, तर त्यांनी निरोप आणला की, "त्या म्हाताऱ्याला सांग, घरातच छत्री उघडून बस म्हणावं." निरोप पोचला. छत्रीबद्दल माझी तक्रार नाही, ती चांगली आहे. पण एखादा मनुष्य भर उन्हात छत्री घेऊन सोयरिकीला का जातो, हे कळायला त्याचे ऋतू कळावे लागतात. म्हणून माझे ऋतू सविस्तर लिहितो. ते वाचल्यावर त्या दिवशीचे माझे वागणे तुम्हाला आपोआप समजेल, आणि मला वेगळे काही म्हणावे लागणार नाही.

मी चौथीपर्यंत शाळा शिकलो. वर्षाला एक या हिशोबाने चार ऋतू पदरात पडायला हवे होते, पण गुरुजींनी तीनच शिकवले. पंचांगात सहा आहेत असे आमचे स्वामी सांगतात, पण त्यांतला हेमंत आधी येतो की शिशिर, हे विचारले की तेही पाणी मागवतात. तीन कमी आणि सहा जास्त. मी साठ-पासष्ट वर्षे ओट्यावर बसून बघितले आहे, ऋतू चार आहेत, आणि चारही मी स्वतः शोधलेले आहेत. गावात हे कोणी मान्य करत नाही, पण कोणी खोडूनही काढलेले नाही.

पहिला ऋतू धुराचा. दिवाळी झाली की गुऱ्हाळे पेटतात, तिथपासून शिवरात्रीपर्यंत आमच्या शिवारावर धूर आणि गुळाचा वास असतो. या ऋतूत मी कानटोपी घालतो. आमचे कुटुंब रत्नव्वा म्हणते की थंडी तर नाहीच. थंडी नाही हे मलाही कळते. पण ती येईल तेव्हा मी पेट्या उचकटत कानटोपी शोधत बसावे अशी तिची इच्छा असली तर माझी नाही. दुसरा ऋतू भिंतीचा. शिवरात्रीनंतर पश्चिमेची भिंत दिवसभर ऊन खाते आणि आम्ही झोपलो की ते परत देते. त्यातच वीज जाते. लोक वीज गेली म्हणून ओरडतात, मला ती परत येण्याची काळजी असते, कारण थांबलेला पंखा एकदम सुरू झाला की निखळून खाली येईल असे मला वाटते. म्हणून मी माझी खाट पंख्याखालून काढून भिंतीला लावली आहे. (वारा लागत नाही. भिंतीचे वर सांगितलेच आहे.)

तिसरा ऋतू पत्र्याचा. वळवाचा वारा सुटला की आमच्या गुऱ्हाळाच्या शेडचे पत्रे उठाव करतात. त्यांवर मी दगड ठेवतो. मग दगडासकट पत्रा उडेल असे वाटून दगड काढतो, आणि नुसता पत्रा उडेल म्हणून पुन्हा ठेवतो. या कामात तो ऋतू संपतो. चौथा ऋतू न वाळण्याचा. त्याला पावसाळा म्हणणे मला पटत नाही. पाऊस पडतो तो शेतात, घरात जे चालते ते निराळेच असते. मिठाला पाणी सुटते, काडी ओढली की गुलाचा चिखल होतो, बनियन चुलीवर वाळत घालावे तर दिवसभर अंगाला आमटीचा वास येतो. श्रावण संपेपर्यंत मी स्वतः कधी पुरता वाळलेला नसतो. आणि रोज सकाळी पेपरात नदी किती फुटांवर आली ते वाचतो. आमचे घर माळावर आहे. पंचगंगेला तिथे यायचे तर आधी निम्मे कोल्हापूर पोटात घालावे लागेल. तरी वाचतो. आमच्या घरात पाणी येणार नाही हा माझा अभिमान आहे, आणि अभिमान रोज तपासून बघावा लागतो.

आता माझी आवडती हवा. ती या चारांपैकी कशातच नाही. नवरात्र उठल्यापासून गुऱ्हाळे पेटेपर्यंत थोडे दिवस असे येतात की पंखा नको आणि पांघरूणही नको. धोतर सकाळी दांडीवर टाकले की जेवणाच्या आत वाळते. दूध संध्याकाळपर्यंत नासत नाही. रत्नव्वा माझ्याशी सलग दोन वाक्ये बोलते. ओट्यावर बसले की ऊन पायांना लागते आणि डोक्याला लागत नाही. कुठूनही कसलीच बातमी येऊ नये असे वाटते, आणि येतही नाही. अशी हवा जिल्ह्यात फक्त आमच्या माळावर पडते असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. तुमच्याकडे आलो तो दिवस त्याच हवेतला. जीपमधून उतरलो आणि तुमच्या अंगणातही हवा अगदी तशीच होती. ही गोष्ट मी पिराजींना बोललो नाही. तुम्हालाच प्रथम सांगतो.

आता त्या दिवसाचे. तुम्ही सोप्यात बसवले, पाणी दिले, आणि मोठ्या उत्साहाने भिंतीवरची तांबडी रेघ दाखवली. "बघा पावणं, गेल्या साली कृष्णामाई हितपर्यंत आलती." कलेक्टर जेवून गेल्यासारखे तुम्ही ते सांगितले. आण्णा, ज्याने जन्मभर पेपरात नदी वाचली आहे त्याला ती सोप्यातल्या भिंतीवर दाखवू नये. मी पेला खाली ठेवला आणि खिशातून सुतळी काढली.

सुतळीचे म्हणाल तर ती मी घरूनच कापून नेली होती, हे खरे. विद्याश्रीच्या उंचीएवढी, आणि तिच्यात नाकाला एक व खांद्याला एक अशा गाठी मारल्या होत्या. लोक मुलीचे घर बघायला जातात तेव्हा कोणी खोल्या मोजतो, कोणी जमीन मोजतो. मला दुसरे मोजायचे होते. चारचौघांसमोर मोजायला नको होते असे रत्नव्वाचे म्हणणे आहे. पण तुमच्या सोप्यात पंधरावीस माणसे कायमच असतात, एकांत कधी मिळणार? मी सुतळी भिंतीला लावली. रेघ खांद्याच्या गाठीजवळ आली. तेव्हा मी म्हणालो, "नाक वर राहतंय." आण्णा, ते मी समाधानाने म्हणालो होतो. माझ्या बाजूने तो होकार होता.

त्यावर तुम्ही म्हणालात, "पावणं, पोरगी द्याय आलायसा का बंधारा मोजाय?" सगळा सोपा हसला. तुमच्या शेजारचा तो गुंडू तर खांबाला धरून हसला. मला हसलेले सोसत नाही. तोंडातून गेले की, "आमच्यात पोरगी कोरड्यात देत्यात." मग कोणीच हसले नाही. आत बाळाबाई वहिनींच्या पळीचा आवाज थांबला तो मला ऐकू आला. मी छत्री उचलली. जीप गावाबाहेर पडली तेव्हा लक्षात आले की पुरणाचा वास येत होता.

घरी आलो तर रत्नव्वाने पहिला प्रश्न विचारला की जेवायला काय होते. पोळी आणि कटाची आमटी होती आणि मी न खाता आलो, हे ऐकल्यापासून ती माझ्याशी बोलायचे ते दाराच्या चौकटीकडे बघून बोलते. विद्याश्री मात्र नेहमीच्या वेळी कामाला निघून गेली. ती आमच्या गावच्या दूध संस्थेत दुधातली फॅट मोजायला असते हे तुम्हास माहीत आहे. तिच्या हाताखालून गेलेल्या दुधावर गावात कोणी वाद घालत नाही. (गावात बाकी सगळ्यावर वाद घालतात.) शिवप्रसाद तिला बघायला आला तेव्हा तुमच्या बाकीच्यांनी तिला स्वयंपाक विचारला, भरतकाम विचारले. त्याने विचारले, "तुमच्यात म्हशीला फॅट किती लागतंय?" आणि मग दोघे त्यावर असे बोलत बसले की चहावर साय धरली. आजवर तिला बघून गेलेल्यांपैकी तिच्या कामाचे विचारणारा हा पहिला. हे मला त्याच दिवशी कळले होते. मी फक्त त्याच्या पलीकडे नदी बघत होतो.

गेल्या आठवड्यात तिने ओट्यावर माझ्याजवळ बसून शेंगा फोडता फोडता विचारले, "आजोबा, तुमच्या हिशोबानं पोरीनं लगीन कुठल्या ऋतूत करायचं?" मी चारही ऋतू मनात फिरवून बघितले. प्रत्येकात मला कशाची तरी भीती वाटते. पहिल्यात थंडीची, दुसऱ्यात पंख्याची, तिसऱ्यात पत्र्याची, चौथ्यात तुमच्या गावची. चारही खोडून होईपर्यंत शेंगा फोडून झाल्या. ती शेंगा घेऊन आत गेली. पोरगी गप्प बसली की या घरात कुठलाच ऋतू राहत नाही, सगळे दिवस एकाच रंगाचे जातात.

तर एवढे माझे ऋतू. ते मी शोधलेले आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे, तो या पत्राने कमी झालेला नाही. तुमच्या रेघेचा तुम्हाला आहे तसाच. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुंडूला काही नाही.

आपला
महालिंग

ता. क. विद्याश्री पोहायला शिकते आहे. आमच्या बांधाला लागून चिमणाबाईंचे शेत आहे, त्यांच्या विहिरीत. चिमणाबाईंची साठी उलटली आहे, पण काष्टा घालून उडी घेतात तेव्हा पाणी काठावर येते. मी विहिरीच्या कडेला बसून असतो. सुरुवातीस विद्याश्रीच्या कमरेला दोर बांधून दुसरे टोक मी माझ्या कमरेला बांधले होते. चिमणाबाई म्हणाल्या, "मामा, तुमास्नी पवाय येतंय का?" मी नाही म्हणालो. "मग ती बुडली तर मी एकीला काढीन. दोघास्नी काढाय मला दोन जलम लागतील. सोडा तो दोर." आता टोक जांभळीला बांधतो. काल ती दोर सोडून या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. आमच्या घराण्यात पाण्यात शिरून परत आलेली ती पहिलीच. गावात सर्वांना सांगून झाले, तुम्हीच राहिला होता.

आणखी ता. क. आपल्यात नवी नवरी पहिल्या आषाढात माहेरी धाडायची पद्धत आहे, सासूचे तोंड बघायचे नसते म्हणून. पहिल्याच आषाढात का, याला शास्त्रात आधार असल्याचे मला कोणी दाखवलेले नाही. (मी विचारलेले नाही.) तरी माझी एवढीच विनंती आहे की तुम्ही तिला दर आषाढात धाडावी, आणि आषाढाला लागूनच श्रावण येतो, तर तोही इकडेच काढू द्यावा. याचा नदीशी काही संबंध नाही. सासूने गैरसमज करून घेऊ नये. बाकी तारीख तुम्ही धरा, लग्न तुमच्या अंगणात करा. या खेपेला मी जेवून जाईन. उरलेले असले तर मागच्या वेळचेही जेवेन.

शेवटचे ता. क. पत्र विद्याश्रीने वाचले. शुद्धलेखन तिने दुरुस्त केले आणि वरची विनंती नामंजूर केली. म्हणते, "पाणी चढाय लागलं तर म्हशी सोडून मी येणार न्हाय." पिराजी सांगतात की गेल्या साली घरच्या सगळ्यांना नावेत बसवून तुम्ही एकटे म्हशींपायी स्लॅबवर मागे राहिला होता. हे तुम्ही त्या दिवशी का सांगितले नाही? रेघ दाखवलीत आणि हेच सांगायचे ठेवलेत. तुमचे आणि तिचे डोके इतके एकसारखे फिरलेले असताना सोयरीक मोडायचे मला कारण दिसत नाही. तेव्हा आषाढ लागला की तुम्ही सर्वांनीच म्हशींसकट माळावर यावे. शेड रिकामी करायला घेतली आहे. म्हशी किती ते उलट टपाली कळवा, तेवढे खुंटे ठोकतो. त्यांतली एक मारकी आहे असे ऐकतो. तिचा खुंटा माझ्या खाटेपासून अगदी पलीकडच्या टोकाला ठोकला आहे, पण ठोकला आहे.