वाहिनीवरच्या गप्पा

ती. भावोजींना मेव्हणीचा साष्टांग नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला तब्येतीची चौकशी करायची रीत आहे. पण परवा आमच्या अख्ख्या नियंत्रण कक्षाने तुमचं अपचनसुद्धा ऐकलं, त्यामुळे ती पायरी गाळते. इकडे सगळे खुशाल. (आई सोडून. तिला कुणीतरी सांगितलं.)

तुम्हाला एवढंच कळवलं असेल की विमान उतरवताना तुमच्या माइकचं बटण दाबलेलं राहिलं. पण त्याने काय होतं ते ऐका. आमच्या रेडिओ वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचं. एक जण बोलत राहिला की बाकी सगळे मुके. आणि तुम्ही बोलत राहिलात. सहवैमानिकाला सासुरवाडीचा पाहुणचार ऐकवलात, मला ‘शाळेतल्या बाई’ म्हणालात (आमचे साहेब पाणी पिता पिता ठसकले), आणि आईच्या स्वभावाबद्दल जे बोललात ते लिहायला माझा हात धजत नाही. मीही हसले असते. पण त्याच वेळी तुमच्याच उंचीवर एक मालवाहू विमान आडवं येत होतं. त्याला वळवून तुमच्या मागे आणायचं होतं, आणि मी सांगितल्याशिवाय ते वळणार नव्हतं. मी सांगत होते आणि तुम्ही आईच्या आमटीवर होतात.

शेवटी आणीबाणीच्या वाहिनीवर हाक मारली. ती वाहिनी प्रत्येक विमानात दुसऱ्या रेडिओवर चालू असावी लागते. (‘असावी लागते’ आणि ‘असते’ यात किती अंतर आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.) पहिल्या हाकेला उत्तर नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते आणि कक्षात फक्त तुमचा आवाज होता. पुन्हा हाक मारली, तेव्हा मालवाहू विमानाचा ठिपका वळला. मी खुर्चीतून उठून ‘शाबास रे बाबा’ म्हणाले, असं साहेब सांगतात. मला आठवत नाही. मग तुमच्या सहवैमानिकालाही हाक ऐकू गेली आणि बटण सुटलं.

असो. आमटीबद्दल माझं मतही तुमच्यासारखंच आहे. कळावे, लोभ आहेच.

तुमची,
शाळेतल्या बाई

ता. क. आई आठ दिवसांत विसरेल. तिची काळजी करू नका.

ता. क. दुसरा. बटण सुटण्याआधीचं तुमचं शेवटचं वाक्य कक्षात कुणालाच हसण्यासारखं वाटलं नाही. “डाव्या कानाने काही ऐकू येत नाही रे, तू सांगतोस त्यावरच चाललंय. कुठे बोलू नकोस.” भावोजी, ठिपके जवळ येत होते तेव्हा घाबरायलाही सवड नव्हती. हे ऐकलं आणि मग घाबरले. माझा अहवाल उद्या जाईल आणि त्यात हे वाक्य असेल. बहिणीचा नवरा म्हणून मी ते गाळणार नाही. त्याआधी तुम्ही स्वतः कंपनीच्या डॉक्टरांकडे जा. नोकरीचं काय ते आपण सगळे मिळून बघू.

ता. क. तिसरा. पत्र बंद करून ताईच्याच हाती देते आहे. काय लिहिलंयस, असं तिने विचारलं. मी म्हटलं, भावोजी वाचून दाखवतील.